सात लिव्हरचं कुलूप

खानदेशात कुलूप उघडता येणं ही चारचौघांत सांगायची कला नाही. मांडे करता येतात म्हणावं, भरतकाम येतं म्हणावं, समोरचा खुलतो. किल्लीशिवाय कुलपं उघडता येतात म्हटलं की तोच माणूस हसता हसता खिशातला जुडगा चाचपतो. पारोळ्याची माझी मावशी पहिल्यांदा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली तेव्हा तिने निकालच दिला, "हाई चोरनी विद्या शे व बाई." आवाजात राग नव्हता, काळजी होती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या हातात हे शोभत नाही, इतकंच तिला म्हणायचं होतं.

मावशीचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. एका कुलपाच्या भरवशावर माणसं शेतात जातात, लग्नाला जातात, बाया आखाजीला माहेरी जातात. तिथे कुलपाविषयी धाक असायलाच हवा. म्हणून या छंदाचे दोन नियम मी सगळ्यांत आधी सांगते. जे कुलूप आपल्या मालकीचं नाही त्याला हात लावायचा नाही. आणि जे वापरात आहे त्यालाही लावायचा नाही, मग ते आपलं स्वतःचं का असेना. पहिला नियम नीतीचा आहे, तो कुणालाही कळतो. दुसरा कारागिरीचा आहे. आतल्या स्प्रिंगा नाजूक असतात, एखादी पिन वाकडी बसली की खरी किल्लीसुद्धा चालत नाही, आणि मग रात्री अकराला माणूस स्वतःच्याच दाराबाहेर उभा. जर्मनीत हॅम्बुर्गला १९९७ मध्ये हौशी कुलूपवाल्यांची संस्था निघाली, नेदरलँड्समध्ये 'टूल' नावाची संघटना उभी राहिली, आता कितीतरी देशांत असे गट आहेत. भाषा बदलते, नियम हेच राहतात. आपल्या राज्याच्या पोलीस कायद्यातही सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीची हत्यारं योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. माझी अवजारं म्हणूनच घराचा उंबरा ओलांडत नाहीत. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी ऐकवते आणि मगच आकडा हातात देते.

अवजारं तरी काय, आत चाचपायला एक आकडा आणि पीळ द्यायला एक ताणपट्टी. ताणपट्टी मी वायपरच्या रबरात असते त्या पोलादी पट्टीची करते. ट्रकच्या गॅरेजात जुने वायपर पडलेले असतात, मागितले तर कुणी पैसेही घेत नाही. आकड्यासाठी हॅक्सॉ ब्लेड किंवा फिलर गेजची पात. कानशीने आकार द्यायचा आणि मधूनमधून पाण्यात बुडवायचं, कारण घासताना पोलाद तापून निळं पडलं की त्याचा ताठपणा गेला. शेवटी बारीक पॉलिश पेपर घेऊन कडा अगदी गुळगुळीत करायच्या. या शेवटच्या कामात घाई केली तर बोटाला कुलूप कळत नाही, आकड्याची खरखरच कळते.

आता बाजारात मिळणारं साधं पिनांचं पितळी कुलूप डोळ्यांसमोर आणा. आत फिरणारा गाभा असतो आणि त्याच्याभोवती न फिरणारं अंग. गाभ्यात एका ओळीत भोकं, प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांच्यावर स्प्रिंग. योग्य किल्ली प्रत्येक जोडी अशी उचलते की दोन पिनांमधला सांधा बरोबर गाभ्याच्या कडेवर येतो. सगळे सांधे कडेवर आले की गाभा फिरतो. चपट्या किल्लीचं हे कुलूप अमेरिकेतल्या लायनस येल यांनी १८६० च्या दशकात घडवलं आणि आज जगातल्या निम्म्याअधिक दारांच्या मागे तीच कल्पना असावी असं वाटण्याइतकं ते पसरलं. कागदावर पाहिलं तर किल्लीशिवाय ते उघडायला वाटच नाही. गाभा फिरवायला जावं तर सगळ्या पिना एकदम आडव्या येणार.

पण ती भोकं कुणीतरी पाडलेली असतात. ड्रिल किंचित सरकतं, पितळ कुठे मऊ लागतं कुठे कडक, आणि डोळ्यांना सरळ दिसणारी ओळ केसाएवढी इकडेतिकडे असते. म्हणून गाभ्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडत नाहीत, एकच अडते. ती शोधायची आणि उचलत न्यायची. सांधा कडेला पोचला की बारीक 'टिक्' होतं, आणि गाभा जाणवेल न जाणवेल इतका सरकतो. मग दुसरी कुठली तरी पिन अडते.

मला या छंदात धरून ठेवलं ते इथेच. एकाच खोक्यातून आलेल्या दोन कुलपांचा क्रम वेगळा निघतो. एकात तिसरी आधी, मग पहिली, मग पाचवी. दुसऱ्यात सुरुवातच मागून. किल्लीच्या खाचा कारखान्याच्या वहीत असतात. हा क्रम कुठल्याच वहीत नसतो, बनवणाऱ्यालाही तो ठाऊक नसतो. त्याच्या हातातून आणि त्याच्या यंत्रातून तो धातूत राहून गेलेला असतो, आणि मला तो बोटांनी वाचता येतो. कोण तो माणूस, मला माहीत नाही. अलीगढच्या एखाद्या गल्लीत तो बसत असेल, जिथे एका घरात कुलपाचं अंग घासतात, दुसऱ्या घरात लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलले जाणारे आतले पातळ पत्रे, कापतात आणि तिसऱ्या घरात जुळणी होते. त्याचा हात कसा चालत होता हे थोडंसं कळलं, याचं सुख मला कुलूप उघडण्याच्या सुखापेक्षा मोठं वाटतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि पुढे जे सांगते आहे ते याच्याच आधाराने.

कुलूप बनवणाऱ्यालाही माझ्यासारखे लोक ठाऊक असतात. म्हणून तो वरची पिन सरळ न ठेवता मधे कोरून डमरूसारखी करतो. ही पिन ज्याला पहिल्यांदा भेटते त्याचा सगळा आत्मविश्वास ती काढून घेते. एक एक पिन बसत जाते, आणि अचानक गाभा चांगला फिरतो, पूर्वी कधी फिरला नव्हता इतका. आता उघडलंच, असं वाटतं. आणि तिथेच तो थांबतो. सगळ्या पिना चाचपून पाहिल्या तरी कुठलीच अडलेली नाही असं भासतं. खरं तर एखाद्या डमरूची कंबर कडेत अडकलेली असते, आणि गाभ्याला तिच्या बारीकपणाइतकीच मोकळीक मिळालेली असते.

इथून पुढचं मला शब्दांत पकडायला कठीण जातं, पण प्रयत्न करते. अडकलेली पिन सापडली की तिला वर ढकलताना गाभा उलट फिरू लागतो. ताणपट्टी बोटाला मागे रेटते. आतापर्यंत मिळवलेलं सगळं हातातून निसटतं आहे असं वाटतं आणि बोट आपोआप पट्टी घट्ट धरतं. घट्ट धरली की पिन तिथेच रुतते. तेव्हा बोटाला सांगावं लागतं, जाऊ दे, मागे जाऊ दे. ताण इतका कमी करायचा की गाभा मागे सरकेल, पण इतकाही नाही की बसलेल्या बाकीच्या पिना खाली पडतील. या दोन्हींच्या मधे जी जागा आहे ती फार अरुंद आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. ती फक्त डाव्या हाताच्या तर्जनीच्या पेरात आहे. ती सापडली की डमरूची खालची कडा वर निघून जाते, गाभा मागे गेलेला असतो तो पुढे येतो आणि या वेळी थांबत नाही.

माझ्या शाळेतल्या मुलांना मी घर्षण शिकवते, स्प्रिंगचा ताण शिकवते. पण बल कमी केल्याने एखादी गोष्ट पुढे जाते, हे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्या पिनेने मला जास्त नीट समजावलं. जोर लावणाऱ्याला कुलूप काहीही सांगत नाही. जोराने सगळ्याच पिना सारख्या घट्ट होतात आणि कोण आधी, कोण नंतर, हे पुसलं जातं.

खाचेदार पिना याहून त्रास देतात. त्यांच्या अंगावर बारीक कंगोरे असतात आणि प्रत्येक कंगोऱ्यावर एक टिक्. कुठली टिक् खरी, ते ठरवायला बाकीच्या पिनांशी ताडून पाहावं लागतं. त्यात मी अजून मुरलेली नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

जळगावात टॉवर चौकापासून फुले मार्केटकडे चालत गेलं की फुटपाथच्या कडेला चावीवाले दिसतात. पुढ्यात लोखंडी कडीत ओवलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या, एक छोटा शिकंजा, दोन-तीन कानशी, आणि मेणबत्ती. या माणसांकडे लोक घाईत येतात, घाईत जातात आणि ते काय करतात हे क्वचितच कुणी नीट पाहतं. मी पाहते, उभी राहून, त्यांची परवानगी घेऊन. लिव्हरचं कुलूप असलं की त्यांतले एक काका कोरी किल्ली मेणबत्तीवर धरतात. तिच्यावर काजळी धरते. किल्ली कुलपात घालून ते हलकासा पीळ देतात आणि बाहेर काढतात. जिथे लिव्हर टेकली तिथली काजळी पुसली गेलेली असते. तिथेच कानस दोनदा फिरते. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, पुन्हा कानस. पिनांच्या कुलपाला काजळी लागत नाही. तिथे कोऱ्या पितळेवर पिना चकाकते ठिपके उमटवतात, टाचणीच्या टोकाएवढे. किल्ली उजेडाकडे तिरपी धरली तरच ते दिसतात. ठिपका दिसतो तिथे घासायचं, दिसेनासा झाला की थांबायचं. आणि मग ती किल्ली फिरते.

या कामाच्या परदेशात स्पर्धा होतात, घड्याळ लावून, टाळ्या वाजवून. आपल्याकडे तेच काम उन्हात बसून, गिऱ्हाईक "लवकर करा हो" म्हणत असताना होतं. मला काकांच्या हाताबद्दल जो आदर आहे तो मी त्यांना बोलून दाखवला आहे. ते म्हणाले, "ताई, किल्ली कुलपातच असते. मी फक्त नको ते पितळ काढून टाकतो."

कुलपांचा इतिहास वाचताना मला एक माणूस भेटला, तेव्हापासून तो माझ्या टेबलाशी बसलेलाच असतो. आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज. अमेरिकन, कुलपांचा विक्रेता आणि कारागीर. १८५१ मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा तो तिथे आला. त्या काळी इंग्लंडमध्ये दोन कुलपं अजिंक्य मानली जात. एक चब यांचं. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली, त्यानंतर सरकारने न फोडता येणाऱ्या कुलपासाठी १०० पौंडांचं बक्षीस लावलं, आणि १८१८ मध्ये जेरेमाया चब यांनी आपलं कुलूप पुढे आणलं. लिव्हर जरा जास्त उचलली गेली की ते कुलूप अडकून बसायचं. मालकाने किल्ली लावली की त्याला लगेच कळायचं, कुणीतरी हात घातला होता. एका कैद्याला, जो धंद्याने कुलूप बनवणारा होता, ते उघडलंस तर तुझी सुटका, असं आमिष दाखवलं गेलं. तो महिनोन्महिने झटला आणि शेवटी त्याने हार मानली.

हॉब्जने ते कुलूप साक्षीदारांसमोर सुमारे २५ मिनिटांत उघडलं. चोराची चाहूल देणारी जी सोय होती तिचाच त्याने उपयोग केला. कुठली लिव्हर जास्त उचलली गेली, हे कुलूपच त्याला सांगू लागलं.

दुसरं कुलूप जोसेफ ब्रामा यांचं. १७८४ चं पेटंट. पिकॅडिलीतल्या त्यांच्या दुकानाच्या खिडकीत ते पाटीसह ठेवलेलं होतं: हे उघडेल असं अवजार जो करील त्याला २०० गिनी. अनेक दशकं ते तिथेच राहिलं. त्या कुलपाचे भाग इतके काटेकोर घडवता यावेत म्हणून ब्रामांच्या कारखान्यात तरुण हेन्री मॉडस्लेने खास यंत्रं बनवली होती. हाच मॉडस्ले पुढे लेथच्या इतिहासात मोठा माणूस झाला. म्हणजे कुलूप घट्ट करण्याच्या ध्यासातून यंत्रं सुधारली. हॉब्जला हे कुलूप उघडायला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. ते आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

५१ तास! मी या आकड्याकडे पुन्हा पुन्हा येते. त्यात किती तास नुसतं बसून राहणं असेल, किती तास कुलपातल्या एकाच पट्टीला पुन्हा पुन्हा स्पर्श करणं असेल. नंतर वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ झाला. असल्या गोष्टी उघड बोलाव्यात का, चोरांना शहाणं का करावं? हॉब्जच्या बाजूचं म्हणणं असं होतं की चोरांना हे आधीपासून ठाऊकच असतं. अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा साधा माणूस. मावशीला मी हेच सांगितलं, माझ्या भाषेत. तिच्या देवघराच्या कपाटाला जे कुलूप होतं ते किती कच्चं आहे, हे तसंच दुसरं आणून तिला दाखवलं. तिने ते बदललं. विद्या चोराचीच, हे मत मात्र तिने बदललं नाही आणि मी तो हट्टही धरला नाही.

आपल्याकडच्या घरांमध्ये खरं राज्य लिव्हरच्या कुलपांचं. जाड पितळी अंग, वर लिव्हरची संख्या कोरलेली, हातात घेतलं की वजन जाणवतं. मुंबईला लालबागमध्ये १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून कुलपांचा कारखाना सुरू केला, तेव्हापासून देशी कुलपाला जो मान मिळत गेला तो खानदेशातल्या दुकानांच्या शटरांवर आजही दिसतो. तमिळनाडूतल्या दिंडिगलची हाताने बनवलेली कुलपं वेगळीच. त्यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांतलं एक माझ्याकडे आहे, पण त्याला मी अजून हात लावलेला नाही. ते नुसतं पाहायलाही छान वाटतं.

सात लिव्हरच्या कुलपाने मात्र मला एक संपूर्ण पावसाळा बसवून ठेवलं. आत सात पातळ पत्रे एकावर एक, एकाच खिळ्याभोवती हलणारे, प्रत्येकाला स्वतःची स्प्रिंग. प्रत्येक पत्र्यात एक खिडकी आणि खिडकीत एक खाच. कुलपाच्या जिभेला एक खुंटी असते. सातही खाचा एका रेषेत आल्या तर खुंटी त्यांतून आत शिरते आणि जीभ मागे येते. एखादी लिव्हर कमी उचलली तर खुंटी अडते, जास्त उचलली तरीही अडते. हे दुहेरी बंधन इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये आणलं. त्याआधी नुसतं पुरेसं उचललं की भागत असे.

पिनांच्या कुलपात आकडा एका ओळीत पुढे-मागे जातो. इथे सात पत्रे एकमेकांना खेटून, आणि त्यांच्यामधली जागा नखाएवढीही नाही. कुठल्या लिव्हरवर आकडा आहे हेच आधी कळत नाही. मी काय केलं, तसंच दुसरं कुलूप विकत घेतलं, त्याचे रिव्हेट कापून ते उघडं केलं, आणि एकेक पत्रा हातात घेऊन त्याची जाडी, स्प्रिंगचा ताठपणा बोटांत बसवला. मग बंद कुलपाकडे आले. काही खिडक्यांच्या कडेला खोट्या खाचाही कापलेल्या होत्या. खुंटी त्यांत अडकते आणि लिव्हर बसल्यासारखी वाटते. डमरू पिनेकडून शिकलेलं इथे कामी आलं. ताण सैल करायचा, लिव्हर खरंच बसली आहे की अडकली आहे हे तिच्या हलण्यावरून ओळखायचं. खोट्या खाचेत अडकलेली लिव्हर अगदी घट्ट असते, जरासुद्धा हलत नाही. खऱ्या खाचेतली किंचित मोकळी असते, तिला दोन्ही बाजूंनी श्वास घेण्याइतकी जागा असते. घट्टपणाला मी यश समजत आले होते. कुलपाने मला तो समज सोडायला लावला.

चौथी लिव्हर हे त्याचं गुपित होतं. ती सगळ्यांत शेवटी अडायची आणि अगदी थोडी उचलावी लागायची. बाकी सहा नीट बसवून तिच्याकडे यावं तर आकडा जाताना शेजारच्या तिसरीला धक्का लागायचा. मग मी आकड्याचं टोक घासून अर्धं केलं. ज्या संध्याकाळी जीभ मागे आली तेव्हा गिरणेला पूर आल्याच्या बातम्या चालू होत्या, घरात सगळे टीव्हीसमोर होते. मी कुणाला हाक मारली नाही. कुलूप पुन्हा बंद केलं आणि पुन्हा सुरुवात केली, कारण एकदा उघडणं योगायोगही असू शकतो. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा मला क्रम पाठ होता: दोन, सहा, एक, सात, तीन, पाच, चार. त्या कुलपाची किल्ली माझ्याकडेच होती, पाकिटात बंद. आजही ती तशीच आहे.

याच्या उलट एक प्रसंग. माझा चुलतभाऊ यावलहून टेम्पोत एक लोखंडी पेटी घेऊन आला, कुलपासकट. आत शेताचे जुने कागद, किल्ली काकांबरोबर गेलेली. "ताई, नाहीतर छिन्नीने तोडतो," म्हणाला. मालक समोर, कुलूप नाहीतर फुटणारच, म्हणून मी बसले. कुलूप अगदी स्वस्तातलं होतं. ताण देऊन आकडा आतून नुसता खरवडत बाहेर ओढला आणि ते उघडलं, त्याचा चहाही प्यायचा होता. भाऊ फार खूश झाला, घरभर सांगत सुटला. मला आनंद झाला तो त्याचे कागद मिळाले याचा. कुलपाचं म्हणाल तर कुठली पिन आधी बसली, कुठली नंतर, मला काहीच कळलं नव्हतं. एखाद्याच्या घरी जाऊन त्याच्याशी न बोलताच परत यावं, तसं झालं. या छंदात वेग हा गुण आहे असं पुष्कळांना वाटतं. मला तो तसा वाटत नाही.

आणखी एक कुलूप सांगायचं आहे, कारण ते उघडायला आकडा लागलाच नाही. तापीकाठच्या आमच्या गावी, आजोबांच्या धाब्याच्या घरात धान्याच्या कोठीला एक लोखंडी कुलूप होतं, नारळाच्या करवंटीएवढं. घर पडायला आलं तेव्हा आम्ही वाटणीत भांडी घेतली, मी ते कुलूप मागून घेतलं. त्याची किल्ली आट्यांची. म्हणजे किल्लीच्या पोकळ टोकाला आतून आटे असतात, आत बसलेल्या दांड्यावर ती स्क्रूसारखी चढवत न्यायची, तसतसा दांडा स्प्रिंगच्या विरुद्ध ओढला जातो आणि कडी मोकळी होते. किल्ली कधीच हरवलेली. काडीला मऊ मेण लावून मी दांड्याच्या आट्यांचा ठसा घेतला, आणि एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून तसल्या आट्यांची नळी करून आणली. ती दोन वेढे चढली आणि थांबली. लेथवाला म्हणाला, माप बरोबर आहे. माप बरोबरच होतं. पण कुलपाचे आटे लोहाराने हाताने काढलेले, त्यांचा चढ सगळीकडे सारखा नव्हता. सुरुवातीला दाट, पुढे विरळ. लेथने काढलेले आटे शेवटपर्यंत सारखे, म्हणून ते त्या हाताशी जुळेनात. मग नळीच्या आतले आटे मी बारीक कानशीने जरा जरा सैल करत नेले, आणि कोठीचं कुलूप कितीतरी वर्षांनी उघडलं. आत गंजाचा भुगा आणि वाळलेलं काळं तेल. त्या लोहाराचं नाव गावात कुणालाच आठवत नाही. तिसऱ्या वेढ्याशी त्याचा हात जरा भरभर चालला होता, एवढं मला माहीत आहे.

आता माझा बराच वेळ कुलपं उघडण्यापेक्षा बनवण्यात जातो. या छंदात अशी रीत आहे की आपण कुलपात फेरफार करायचे, पिना स्वतः घडवायच्या, आणि ते आव्हान म्हणून दुसऱ्याला पाठवायचं. नंदुरबारला माझा एक मित्र आहे, बँकेत नोकरी करतो, त्याला हे वेड माझ्याइतकंच आहे. आमची कुलपं एसटीच्या पार्सलने येतात-जातात. पार्सलात किल्ली नसते. उघडलं की उघडणाऱ्याने पिनांचा क्रम आणि आपलं निरीक्षण कागदावर लिहून पाठवायचं, मग किल्ली मिळते.

गेल्या दिवाळीत मी पहिल्यांदा गाभासुद्धा स्वतः केला. पितळी सळई लेथवर गोल करून आणली आणि सहा भोकं घरच्या ड्रिलवर पाडली. तीन पिना डमरूच्या, एक खाचेदार, दोन सरळ. स्प्रिंगा जुन्या कुलपांतल्या. पिना घासताना त्या ड्रिलच्या जबड्यात धरून फिरवायच्या आणि वरून कानशीची धार टेकवायची. कोर जास्त झाली की पिन मोडते, कमी झाली की फसवत नाही. पार्सल गेलं. बरेच दिवस काही कळलं नाही. मग पत्र आलं. क्रम बरोबर होता: चार, एक, सहा, दोन, तीन, पाच. खाचेदार पिन कुठे आहे तेही त्याने ओळखलं होतं. खाली त्याने लिहिलं होतं, "पाचवी फारच उशिरा अडते, आणि भोकात डुलते. तिचं भोक बाकीच्यांपेक्षा मोठं आहे. मधेच ड्रिलचा बिट बदललास का?"

बदलला होता. चौथ्या भोकानंतर जुना मोडला, दुकानात त्या मापाचा नव्हता, म्हणून अगदी थोडा मोठा आणला आणि पाचवं पाडलं. सहाव्यासाठी जुन्या मापाचा मिळाला. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मी त्याला किल्ली पाठवली आणि सोबत लिहिलं की आता तुझं कुलूप येऊ दे, यावेळी सात पिनांचं कर.